वायरलेस खाते

हॅम रेडिओवाल्यांत दोन पंथ आहेत. पेटी विकत घेणारे आणि पेटी उघडणारे. पहिल्या पंथातला माणूस नवा जपानी ट्रान्सीव्हर टेबलावर ठेवतो, बटण दाबतो, ब्राझीलमधल्या कुणाशी तरी चार शब्द बोलतो आणि जेवायला जातो. दुसऱ्या पंथातल्या माणसाचं ताट त्याच्या खोलीत आणावं लागतं. आणलेलं ताट ठेवायला जागा नसते, कारण टेबलावर महायुद्धाच्या काळातलं एखादं यंत्र पोट उघडं टाकून पडलेलं असतं.

हे पंथ तत्त्वामुळे पडले असं आम्ही दुसऱ्या पंथाचे लोक सांगतो. व्हॉल्व्हच्या आवाजात ऊब असते, जुन्या लोखंडात जीव असतो, वगैरे. खरं कारण पासबुकात असतं. मी पुण्यातल्या एका शाळेत गणित शिकवतो. चांगल्या नव्या ट्रान्सीव्हरची किंमत मला तोंडपाठ आहे, आणि ती उच्चारताना मला दरवेळी दुचाकी आठवते, कारण तेवढ्यात ती येते.

परवाना मात्र दोन्ही पंथांना लागतो. केंद्र सरकारची परीक्षा द्यायची, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, थोडे नियम, वरच्या श्रेणीसाठी मोर्सची कट्टकट्ट. बारा वर्षांचं मूलही बसू शकतं. पास झालं की ‘व्हीयू’ने सुरू होणारी एक खूण मिळते आणि त्या खुणेनिशी जगभर हाका मारायचा हक्क मिळतो. हाक मारायला यंत्र कुठून आणायचं, ते ज्याचं त्याने बघायचं.

माझी बायको सहकारी बँकांचं ऑडिट करते. त्यामुळे आमच्या घरी ‘किती लागतील?’ हा प्रश्न कुणी सहज म्हणून विचारत नाही. ‘जुना सेट दुरुस्त केला तर अगदी स्वस्तात पडतं,’ असं मी म्हणालो, तेव्हा तिने एक कोरी वही काढली, वर ‘वायरलेस खाते’ असं लिहिलं आणि पानावर मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे लिहिलं, ‘रोख’. उजवी बाजू कोरी.

‘उजवीकडे काय?’ मी विचारलं.

‘कळेल,’ ती म्हणाली.

पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे शिवणयंत्राचं पायडल आणि गिझरची टाकी यांच्या मधोमध तो पडला होता. हिरवट रंगाची जड पेटी, समोर बटणंच बटणं, आणि बटणांखाली इंग्रजीत एकदा नि रशियनमध्ये एकदा अशी नावं. वायरलेस सेट नंबर १९. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांत बसवायचे तो. यातले कितीतरी कॅनडात बनले, आणि दोस्तराष्ट्र म्हणून रशियालाही पुरवायचे होते, म्हणून त्यांच्या तोंडावर रशियन अक्षरं आली. मॉस्कोच्या वाटेवरचा हा प्रवासी आमच्याकडे कसा उतरला, ते त्यालाच ठाऊक. लष्करी डिस्पोजलचा माल पूर्वी पुण्याच्या भंगारात बराच यायचा, एवढं जुने हॅम सांगतात.

‘चालतो का?’ मी विचारलं.

‘चालत असता तर माझ्याकडे कशाला आला असता, साहेब?’

इतकी प्रामाणिक गॅरंटी मला कुठल्याही शोरूममध्ये मिळालेली नाही. त्याने पेटी काट्यावर चढवली आणि लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम असा सगळा मिळून एक भाव लावला. आतल्या काचेला भाव नाही, म्हणून व्हॉल्व्ह फुकट. मी चेहरा शक्य तितका दुःखी ठेवला. या सेटला वीज पुरवणारं जोडीचं यंत्र असतं, डायनमोटर. बॅटरी लावली की ते गरगर फिरून पाचशे व्होल्टपर्यंत दाब तयार करतं. त्याची चौकशी केली, तर ते तांब्यासाठी कधीच फुटलं होतं.

घरी आल्यावर वहीत डावीकडे रक्कम चढली. ती इतकी लहान होती की बायकोने चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग तिने उजवीकडे लिहिलं: ‘शेजारचा मुलगा. पेटी जिन्याने वर चढवली.’

‘हे कशाला?’

‘त्याची बारावी आहे,’ ती म्हणाली. ‘आणि तू गणित शिकवतोस.’

जुन्या सेटला वीज लावण्याआधी माणूस लावावा लागतो. माझ्या वाट्याला रेडिओवाले काका आले. बुधवारात, तपकीर गल्लीच्या आसपास त्यांनी हयातभर रेडिओ दुरुस्त केले. आता दुकान नाही, फक्त नाक शिल्लक आहे. त्यांनी पेटीत वाकून वास घेतला आणि म्हणाले, ‘मेण वितळलंय. कागदी कंडेन्सर सगळे बदला, मास्तर.’

‘सगळे? त्यातले काही चांगले असतील की.’

‘असतील. पण कुठले, ते ते जळाल्यावर कळेल.’

मग त्यांनी शिकवणी घेतली. दोन व्हॉल्व्हच्या मधल्या कंडेन्सरचं काम एवढंच, की आवाज पुढे सोडायचा आणि व्होल्टेज अडवायचं. म्हातारपणी तो दोन्ही सोडायला लागतो. पुढच्या व्हॉल्व्हला नको तिथे व्होल्टेज मिळतं, तो नको तेवढा करंट ओढतो, लाल होतो, आणि जाताना एकटा न जाता ट्रान्सफॉर्मरला घेऊन जातो. नवा पॉलिस्टरचा कंडेन्सर चहापेक्षा स्वस्त. तेव्हा काटकसर कुठे करायची नाही हे कळणं, हीच या धंद्यातली पहिली काटकसर.

दुसरा धडा जिवाचा. सेट बंद केला, प्लग काढला, तरी फिल्टरच्या कंडेन्सरमध्ये वीज दबा धरून बसलेली असते. आधी रेझिस्टन्स लावून ती उतरवायची, मीटरने बघायची, मगच आत हात घालायचा. आणि चालू सेटमध्ये काही तपासायचंच झालं तर एकाच हाताने, दुसरा खिशात. म्हणजे झटका बसलाच तर तो या हातातून त्या हातात छाती ओलांडून जाणार नाही. काकांच्या पायजम्याला खिसा नाही, म्हणून ते डावा हात पाठीमागे धरतात. त्यामुळे सोल्डरिंग आयर्न घेऊन उभे असले तरी ते संचलनाची पाहणी करायला आलेले वाटतात.

तिसरा धडा बल्बचा. पहिल्यांदा वीज लावताना सेटच्या लाइनमध्ये शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो, करंट आवरला जातो आणि सेट वाचतो. बल्ब एकदा लागून मंद झाला तर पेढे. यात एलईडी चालत नाही, आणि आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात एलईडीखेरीज काही नाही. दुकानदाराने मला विजेच्या बचतीवर व्याख्यान दिलं आणि शंभर वॅटची मागणी करणारा माणूस सरकारी शिक्षणसंस्थेत आहे का, अशी शंका घेतली. शेवटी काकांनीच सुचवलं, की कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला असे बल्ब अजून लागतात. पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्याने विचारलं, ‘पिल्लं किती?’

‘एकच आहे,’ मी म्हणालो. ‘ऐंशी वर्षांचं.’

काकांनी पैसे घेतले नाहीत. विषय काढला तेव्हा ‘काय मास्तर, लाजवता!’ म्हणाले आणि जाता जाता सांगितलं, की नातीचं बीजगणित जरा कच्चं आहे. वहीत डावीकडे एक रेघ, उजवीकडे ‘काकांची नात, दहावी’.

आता वीजपुरवठा. या सेटला व्हॉल्व्हच्या हीटरसाठी बारा व्होल्ट, रिसीव्हरसाठी पावणेतीनशेच्या आसपास आणि ट्रान्समीटरसाठी पाचशे लागतात. एवढा वजनदार ट्रान्सफॉर्मर बाजारात नवा करून घेणं म्हणजे पहिल्या पंथात जाण्यासारखंच. पण आमच्या पेठेतल्या मांडववाल्याच्या गोदामात भोंग्यांच्या काळातला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर धूळ खात पडला होता. त्याचा ट्रान्सफॉर्मर तर मिळालाच, शिवाय आत दोन ८०७ उभे होते. १९ नंबरच्या सेटचा शेवटचा, सगळी ताकद लावणारा व्हॉल्व्ह तोच. ८०७ अमेरिकेत १९३०च्या दशकात आला आणि त्याने पुढे कुठल्याच कामाला नाही म्हटलं नाही. हॅमच्या ट्रान्समीटरमध्ये तो, लष्कराच्या सेटमध्ये तो, लाउडस्पीकरच्या मागे तो. माझ्या हाती आलेल्या जोडीने कैक वर्षं आरत्या म्हटल्या होत्या. आता उतारवयात त्यांना रणगाड्यावर पाठवायचं होतं.

मांडववाल्यानेही पैसे घेतले नाहीत. तो मंडळाचा कार्याध्यक्ष आहे. ‘तुम्ही गणिताचे सर. यंदा खजिनदार तुम्हीच,’ एवढंच म्हणाला.

ही नोंद करताना बायकोचं पेन थांबलं. ‘गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार?’ ती म्हणाली. ‘ही नुसती उधारी नाही. हे संभाव्य देणं आहे. याला तरतूद करावी लागेल.’

सेट घरात बसला, पण तार बाहेर काढायची होती. हॅमचा चाळीस मीटरचा पट्टा, म्हणजे सात मेगाहर्ट्झ, आपल्याकडे सकाळच्या गप्पांसाठी लोकप्रिय. तिथे साधा डायपोल अँटेना लावायचा तर वीस मीटर तार लागते: दहा मीटर इकडे, दहा मीटर तिकडे, मध्ये केबल. वीस मीटर तार गच्चीवर ताणणं ही तांत्रिक बाब नाही. ती सोसायटीची बाब आहे. सेक्रेटरी पाहणीला आले. त्यांनी हिरवी पेटी पाहिली, हेडफोन पाहिले, मग खाली वाकून रशियन अक्षरं पाहिली आणि आवाज उतरवून विचारलं, ‘तुम्ही नक्की कुणाशी बोलता?’

परवाना दाखवला. हॅम हे परवानाधारक असतात, बोलणं सगळ्या जगाला ऐकू जातं, त्यात गुप्त काही बोलायलाच बंदी आहे, हे सांगितलं. हेरगिरीसाठी याच्याइतकं निरुपयोगी साधन नाही, हे त्यांना पटलं, पण मग उपयोगी काय, ते पटेना. मग कमिटीपुढे मी २००४चा दाखला दिला. भारती प्रसाद यांची हॅम तुकडी त्या डिसेंबरात अंदमानात होती. त्सुनामी आली, फोन बंद पडले, तेव्हा याच छंदाने तिथून मुख्य भूमीपर्यंत निरोप पोचवले.

‘पुण्यात कुठली त्सुनामी?’ एक सभासद म्हणाले.

‘पानशेत विसरलात वाटतं!’ मागून वरच्या मजल्यावरच्या आजी कडाडल्या. १२ जुलै १९६१ला धरण फुटलं, तेव्हा त्या नारायण पेठेत राहत होत्या. त्यांनी पाणी कुठवर आलं होतं ते हात उंचावून दाखवलं, आणि कमिटीतल्या बऱ्याच जणांचा तेव्हा जन्म झाला नव्हता, हेही दाखवून दिलं. ठराव एकमताने पास झाला. अट एकच: तारेखाली वाळवण घालता आलं पाहिजे. तारेचं एक टोक पाण्याच्या टाकीला बांधलं, दुसरं आजींच्या खिडकीच्या गजाला. इन्सुलेटर पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांचे. आणि केबल तर डक्टमधून आधीच खाली उतरलेली होती. केबल टीव्हीवाल्याने जाताना सोडून दिलेली, पंचाहत्तर ओहमची. डायपोललाही जवळपास तेवढीच हवी असते. सगळं फुकट. उजवीकडे: ‘आजी. दर महिन्याला पेन्शनला बँकेत नेणे. उन्हाळ्यात पापड उलटणे.’

मग रिसीव्हर बोलू लागला. आज हॅम एसएसबी नावाच्या पद्धतीने बोलतात. ते १९ नंबरच्या साध्या रिसीव्हरला बदकांचं संमेलन भरल्यासारखं ऐकू येतं. मोर्ससाठी आतच बसवलेला ऑसिलेटर चालू करून नॉब केसाएवढा हलवला, की बदकांची माणसं होतात. पण घरगुती चार्जर आणि एलईडीचे ड्रायव्हर सात मेगाहर्ट्झवर अखंड खरखरत असतात. त्यामुळे लाइट गेले की खरा हॅम खूश होतो, सगळा पट्टा स्वच्छ होतो. माझा सेट तेव्हा बंद असतो. डायनमोटर असता तर गाडीच्या बॅटरीवर चालला असता. तांब्याने माझा असा सूड घेतला.

त्या पट्ट्यात नॉब फिरवताना मला एक जुना हिशेब सापडला. २७ ऑगस्ट १९४२ला उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ सुरू केला तो ४२.३४ मीटरवर, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या जरा वर, आजच्या आमच्या पट्ट्यातच. ट्रान्समीटर बांधून दिला नरिमन प्रिंटर यांनी. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून तो घर बदलत फिरायचा. नोव्हेंबरात तो पकडला गेला आणि उषाताई येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. त्याच काळात माझ्या सेटची भावंडं ब्रिटिशांच्या रणगाड्यांत बसून युद्ध करत होती. म्हणजे माझी पेटी तेव्हा समोरच्या बाजूला होती. आता ती पेठेत राहून, आरत्या म्हणणारा व्हॉल्व्ह लावून प्रायश्चित्त घेते आहे. एक गोष्ट मात्र माझ्या वहीत तेव्हाच स्पष्ट झाली: असा ट्रान्समीटर कुणाच्या तरी घरात ठेवावा लागतो, आणि घर देणाऱ्या माणसाची पावती मिळत नाही.

या सेटमध्ये तीन सेट आहेत. एक मुख्य. दुसरा २३५ मेगाहर्ट्झच्या आसपास शेजारच्या रणगाड्याशी बोलायला. तो पट्टा आपल्याकडे हॅमना दिलेला नाही, म्हणून तो गप्प बसवला आहे. तिसरा इंटरकॉम, रणगाड्यातल्या माणसांनी आपापसात बोलायचा. तो पूर्ण कायदेशीर आहे. मी त्याची एक वायर स्वयंपाकघरात नेली. दुसऱ्याच दिवशी हेडफोनमध्ये बायकोचा आवाज आला, ‘चालक, पोळ्या थंड होतायत. पुढे सरका.’ संपूर्ण यंत्रात एवढा विश्वासार्ह भाग दुसरा नाही.

पहिला कॉल मी एका रविवारी सकाळी दिला, जुन्या एएम पद्धतीने. एएमला एसएसबीच्या दुप्पट जागा लागते, त्यामुळे त्या गर्दीत मी पथारी पसरून बसलेला. पण कोल्हापूरच्या बाजूचे एक आजोबा एकदम खुलले. ‘एएमवर कोण आहे हा? किती दिवसांनी ऐकतोय!’ सिग्नल चांगला होता, असं ते म्हणाले. मग विचारलं, ‘आवाजामागे पंखा चालू आहे का?’ तो माझ्या वीजपुरवठ्याचा गुंजारव होता. थोड्या वेळाने म्हणाले, ‘तुम्ही सरकताय.’ व्हॉल्व्ह तापेपर्यंत जुना ऑसिलेटर एका जागी थांबत नाही. आजोबा तक्रार न करता नॉब फिरवत माझ्या मागे मागे येत राहिले.

हॅमना हवेवर राजकारण बोलायला मनाई आहे, धंदा बोलायला मनाई आहे. दोन मराठी माणसं, सकाळची वेळ, आणि हे दोन्ही विषय वर्ज्य. अशा परिस्थितीत माणूस नाइलाजाने खरं बोलतो. आम्ही कंडेन्सरबद्दल बोललो, हवेबद्दल बोललो, गुडघ्यांबद्दल बोललो. शेवटी ते म्हणाले, ‘१९ नंबर माझ्याकडेही आहे. माळ्यावर. डायनमोटरसकट. नुसता पडलाय. घेऊन जा. पैसे नकोत.’

जुन्या सेटचा पहिला नियम सगळे हॅम जाणतात: एक सेट चालू ठेवायचा तर सुट्या भागांसाठी दुसरा लागतो. मी तरंगत स्वयंपाकघरात गेलो. बायको वार्षिक हिशेब लावत बसली होती. तिच्या समोर माझ्याच कागदांत तिला सापडलेला एक नकाशा होता, हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्सचा. अख्खा ट्रान्सीव्हर, भारतात कुठेही मिळणाऱ्या सामानातून, कॉइल गुंडाळायला चक्क नळाचे वॉशर.

‘हा बांधला असतास तर?’ तिने विचारलं.

‘तर एका आठवड्यात झाला असता,’ मी म्हणालो. ‘कुणाला काही विचारावंच लागलं नसतं.’

तिने बेरीज केली. डावी बाजू एका बऱ्या मोबाइलपेक्षा कमी भरली. उजव्या बाजूला पुरवणी पान जोडलं होतं: एक बारावी, एक दहावी, एक पेन्शन, पापड, आणि गणपतीचे दहा दिवस. गंमत म्हणजे त्यातलं काही फिटलंच नव्हतं. बारावीवाला पास झाला आणि पेढ्यांबरोबर धाकट्या बहिणीला घेऊन आला. काकांच्या नातीने आता स्वतःच सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं आहे आणि तिला परवान्याची परीक्षा द्यायची आहे. आजींच्या बँकेत आणखी दोन आजी माझी वाट बघतात.

‘बुडीत काढू का?’ मी विचारलं.

‘देणी आपली आहेत. आपण कसली बुडीत काढणार?’

मग मी कोल्हापूरची बातमी सांगितली. दुसरा सेट. डायनमोटरसकट.

‘केवढ्याला?’

‘फुकट!’

तिने वही मिटली आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

‘फुकट असेल तर नाही परवडणार,’ ती म्हणाली. ‘पैसे घेतात का विचार.’